झडपेवरची बुरशी: कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो का?

होटगीनाका
धाग्याचं कारण सांगतो. संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप, मग बदललेली झडप, हे पेशंट आपल्या सोलापूर जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गी भागात भरपूर. अशा पेशंटला तीन आठवडे ताप येतो-जातो. सेफ्ट्रायॲक्सोन होतं, व्हॅन्कोमायसिन होतं (दोन्ही जिवाणूंवरची अँटिबायोटिक्स), कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, 'नो ग्रोथ'. मग एक दिवस पाय थंडगार पडतो किंवा तोंड वाकडं होतं आणि तेव्हा कुणाला तरी आठवतं की बुरशीही असू शकते.

माझं मत असं, की संशय, नमुना आणि पहिलं औषध ही तिन्ही कामं सोलापुरात नीट होऊ शकतात. पुण्या-मुंबईला पाठवायचं ते ऑपरेशनसाठी, 'नक्की काय आहे ते बघा' म्हणून नाही. पण आपल्याकडे होतं उलटं. संशय कधी घ्यायचा, निगेटिव्ह कल्चरवर किती विसंबायचं आणि नुसत्या औषधावर भागतं का, यावर जाणकारांनी लिहावं.

शेंगाचटणी
मे महिन्यात ४४ डिग्रीला सोलापुरात बुरशी जगते हेच नवल. आमची कडक भाकरी दोन महिने राहते, तिला काय होत नाही.

पेट्रीबशी
@शेंगाचटणी, कडक भाकरीत पाणी नसतं म्हणून ती टिकते. रक्तात पाणी, साखर, ३७ डिग्री असं सगळं आयतं मिळतं.

आता मुद्द्याचं. हृदयाच्या आतल्या आवरणाच्या एकूण जंतुसंसर्गात बुरशीचा वाटा १ ते ३ टक्क्यांच्या आसपास. त्यातले निम्म्याच्या आसपास कॅन्डिडा (यीस्ट), त्यानंतर ॲस्परजिलस (धाग्यांची बुरशी). कल्चरच्या बाबतीत या दोघांचं वागणं पूर्ण वेगळं आहे, आणि 'फंगल' म्हणून एकाच टोपलीत टाकलं की गोंधळ सुरू होतो.

कॅन्डिडा नेहमीच्या ब्लड कल्चर बाटलीत वाढते. बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत मशीन ओरडतं. तिच्या ग्लाब्राटा जातीला जरा उशीर लागतो. खास बुरशीची बाटली नाही म्हणून थांबायचं कारण नाही. ॲस्परजिलस झडपेवर लिंबाएवढा वाढला तरी रक्ताच्या कल्चरमध्ये जवळजवळ कधीच येत नाही. म्हणून 'कल्चर निगेटिव्ह' याचा अर्थ 'बुरशी नाही' असा घेता येत नाही. फार तर 'कॅन्डिडाची शक्यता कमी झाली', तेही रक्त नीट काढलं असेल तर.

आणि ते नीट काढलेलं नसतं. तीन वेगवेगळ्या जागांवरून तीन सेट (सेट म्हणजे दोन बाटल्या), प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, पहिल्या आणि शेवटच्या सेटमध्ये किमान एक तास. हे सगळं नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. प्रत्यक्षात एकाच हातातून एकदाच ३ मिली काढून दोन बाटल्यांत वाटून येतं. रक्तात जंतू मुळात विरळ असतात, रक्त कमी घेतलं की सापडण्याची शक्यताही घटते.

रात्रपाळी
यात आमच्या नर्सिंगच्या बाजूचं लिहिते. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट लावून वाळू द्यायचं, किमान ३० सेकंद. ओलं असताना सुई घातली तर लावल्याचा उपयोग नाही. बाटलीचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर खालचं रबर निर्जंतुक असतं असा समज आहे, तसं नसतं. ते स्पिरिटने पुसायचंच. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) घेतलं तर त्याच वेळी हातातूनही घ्या आणि दोन्ही बाटल्यांवर जागा लिहा. लाइनची बाटली हातापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली तर मूळ लाइनमध्ये आहे. जागा लिहिलीच नसेल तर हे गणित मांडता येत नाही.

बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि खाजगी दवाखान्यातून लॅबला पाठवताना दुपारी एक वाजता स्कूटरच्या डिकीत तर नकोच.

सुती_चादर
मी डॉक्टर नाही. घरात झडप बदललेलं माणूस असणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं? आणि यंत्रमागाच्या धुळीत काम करणाऱ्यांना हा धोका जास्त का? आमच्या अक्कलकोट रोडला कारखान्यात कापसाचा भुसा सगळीकडे उडत असतो.

बेडसाइड_इको
@सुती_चादर, झडप असणाऱ्याला ताप आला आणि दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊन येऊ नका. एक कोर्स पोटात गेला की पुढची कल्चरं बिघडतात. आधी रक्त, मग गोळी.

धुळीचं म्हणाल, तर श्वासातून ॲस्परजिलसचे कण सगळेच रोज घेतात आणि चांगली फुप्फुसं ते साफ करतात. झडपेवर तो पोचतो तो बहुतेक वेळा ऑपरेशनच्या वेळी हवेतून, किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्याच्या फुप्फुसातून. त्यामुळे कारखान्यापेक्षा ऑपरेशन थिएटरशेजारी चाललेलं बांधकाम आणि एसीच्या डक्टमधली ओल याची जास्त काळजी करा. कण दोन-तीन मायक्रॉनचे, तासन् तास तरंगतात.

संशय कुणात घ्यायचा: कृत्रिम झडप, दीर्घकाळ सेंट्रल लाइन, शिरेतून पोषण, महिनाभर भारी अँटिबायोटिक, डायलिसिस, कर्करोगाची औषधं, शिरेतून नशा. यातलं काहीतरी आणि वर अँटिबायोटिकला दाद न देणारा ताप. एनआयसीयूमधली (नवजात अतिदक्षता विभाग) कमी वजनाची बाळं हा वेगळा गट. तिथे नाभीतल्या लाइनच्या टोकाशी, उजव्या कप्प्यात गोळा दिसतो.

इकोत बुरशीची वाढ मोठी असते, १ सेंमीहून जास्त, लोंबकळणारी. म्हणूनच तुकडा सुटला तर मोठ्या धमनीत अडकतो: मांडीची धमनी, महाधमनीचा दुभाग, मेंदू. जिवाणूंचे तुकडे सहसा लहान फांद्यांत जातात. तापाच्या पेशंटचा अख्खा पाय अचानक गेला तर बुरशी डोक्यात आलीच पाहिजे. छातीवरून केलेला इको कृत्रिम झडपेत सावलीमुळे फसवतो. अन्ननलिकेतून केलेला इको लागतोच. तोही निगेटिव्ह आला आणि संशय कायम असेल तर ५ ते ७ दिवसांनी परत करा.

काचपट्टी
मला ज्यासाठी लॉगिन करावं लागलं ते वरच्याच ओळीत आहे. पाय गेला, सर्जनने फोगार्टी कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी) घालून गुठळी काढली. ती गुठळी कुठे जाते?

बहुतेक ठिकाणी बादलीत. त्यातल्या त्यात बरं म्हणजे फॉर्मॅलिनच्या बाटलीत. फॉर्मॅलिनमध्ये टाकली की तिच्यातली बुरशी मेली, मग कल्चर नाही, औषधाची संवेदनशीलता नाही, आणि डीएनए तपासणीही अवघड होते. तुकड्याचे दोन भाग करा. अर्धा निर्जंतुक डबीत थोडं निर्जंतुक सलाईन घालून मायक्रोबायोलॉजीला, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे पॅथॉलॉजीला. काढलेल्या झडपेचंही हेच. फॉर्मवर 'गुठळी' एवढंच लिहू नका. 'झडप बदललेली, ताप, बुरशीचा संशय' एवढे चार शब्द लिहिले की आम्ही जीएमएस आणि पीएएस हे बुरशी दाखवणारे खास रंग लावतो. नुसत्या नेहमीच्या रंगात बारीक धागे फायब्रिनमध्ये हरवतात.

काचेवर काय दिसतं तेही सांगते. कॅन्डिडात कळ्या फुटलेल्या पेशी आणि त्यांच्यासोबत खोटे धागे. ॲस्परजिलसमध्ये सारख्या जाडीचे, आडपडदे असलेले धागे, सुमारे ४५ अंशात फाटे फुटलेले. म्युकरमध्ये (काळी बुरशी) रुंद, रिबिनीसारखे वेडेवाकडे, पडदे जवळजवळ नाहीत, फाटे काटकोनात. हा फरक पेशंटच्या औषधावर थेट परिणाम करतो, कारण ॲस्परजिलसवरचं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही.

पेट्रीबशी
@काचपट्टी +१००. त्यात भर: तो ताजा तुकडा आमच्याकडे आला की आधी केओएच आणि कॅल्कोफ्लुअर लावून सूक्ष्मदर्शकाखाली, तासाभरात 'धागे दिसले' असा फोन जाऊ शकतो. मग सॅबुरो माध्यमावर २५ आणि ३७ डिग्रीला, चार आठवडे. म्युकरचा संशय असेल तर तुकडा खलबत्त्यात कुटायचा नाही, ब्लेडने बारीक कापायचा. त्याचे धागे कुटले की मरतात आणि मग काच पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह अशी स्थिती होते.

रक्तातल्या इतर तपासण्या: बीटा-डी-ग्लुकान (बुरशीच्या भिंतीतला घटक) ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर विचार करा, पण सेल्युलोज पडद्याचं डायलिसिस, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, ऑपरेशनमधलं गॉज या सगळ्यांनी तो खोटा वाढतो. बायपास मशीनवरून परवा उतरलेल्या पेशंटमध्ये त्यावर विसंबू नका. म्युकरमध्ये तो वाढतच नाही. गॅलॅक्टोमॅनन हा तसाच घटक ॲस्परजिलससाठी, इंडेक्स ०.५ ची रेघ. दोन्ही निगेटिव्ह आले म्हणून संशय सोडायचा नाही.

होटगीनाका
म्हणजे पाय वाचवणाऱ्या सर्जनच्या हातात निदान असतं आणि ते बादलीत जातं. हे सिव्हिलला आणि सगळ्या ट्रॉमा सेंटरना भिंतीवर चिकटवायला हवं.

कॅन्डिडा एकाच बाटलीत आली तर? बऱ्याचदा 'कंटॅमिनेशन' म्हणून सोडून देतात.

पेट्रीबशी
रक्तातली कॅन्डिडा कंटॅमिनेशन धरायचीच नाही. एक बाटली, एक वाढ, तरी खरी. थुंकीत किंवा कॅथेटरच्या लघवीत आली तर ती बहुतेक वेळा नुसती वस्ती असते, त्यावर फ्लुकोनॅझोल सुरू करणं हा उलटा उत्साह. लोक नेमकं उलट करतात: लघवीतल्या कॅन्डिडाला औषध, रक्तातल्या कॅन्डिडाला 'परत पाठवा, बघू'.

या आजाराच्या निदानाच्या २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांत, कृत्रिम झडप किंवा तत्सम वस्तू हृदयात असेल तर कॅन्डिडाला ठराविक जंतूंच्या यादीत घेतलंय. ते वापरा.

आणि कॅन्डिडाची जात ओळखून घ्या. सीरममध्ये ३७ डिग्रीला दोन-तीन तासांत जर्म ट्यूब (पेशीतून फुटणारी नळी) आली तर बहुधा अल्बिकन्स. तीन तासांनंतर बघितलं तर इतर जातीही तसं सोंग करतात. रंगावरून जात दाखवणाऱ्या क्रोम अगार माध्यमावर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई गुलाबी खरबरीत. मशीनने 'हिम्युलोनाय' सांगितलं तर थांबा, जुन्या डेटाबेसची मशीनं ऑरिस या दुसऱ्याच जातीला तेच नाव देतात. मॅल्डी-टॉफ या प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर किंवा संदर्भ प्रयोगशाळेत खात्री करा. चंदीगडच्या पीजीआयमध्ये बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. ऑरिसमध्ये फ्लुकोनॅझोल जवळजवळ गेलेलंच असतं.

टाके_दोरा
आता थोडं वेगळं मत. वर सगळे निदानावर लिहितायत, पण ॲस्परजिलस झडपेवर असेल तर नुसत्या औषधाने तो जातो असं मानणं म्हणजे पेशंटला थांबवून ठेवणं. कॅन्डिडातही झडप काढावी हाच सल्ला आहे. बुरशी त्या वाढीत स्वतःभोवती चिकट थर करते, आत रक्तवाहिनी नाही, औषध पोचत नाही. तेव्हा 'सहा आठवडे औषध देऊ, मग बघू' हे नको. निदान पक्कं झालं त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला फोन.

आधी मेंदूचं सीटी. मोठा रक्तस्राव असेल तर थांबावं लागतं, छोटा बंद पडलेला भाग असेल तर त्यासाठी ऑपरेशन अडवू नये. ऑपरेशन म्हणजे नुसती झडप बदलणं नाही, संसर्ग झालेलं सगळं खरवडून काढणं. मुळाशी गळू असेल तर रिंगही नव्याने बांधावी लागते.

बेडसाइड_इको
@टाके_दोरा, ॲस्परजिलसबद्दल पूर्ण सहमत. कॅन्डिडात मात्र प्रत्येकाला टेबलावर घेता येत नाही. मूत्रपिंड गेलेलं, मेंदूत रक्तस्राव, तिसऱ्यांदा छाती उघडायची... अशांना औषध आणि मग आयुष्यभर फ्लुकोनॅझोलची लगाम, हा मार्गदर्शक तत्त्वांत मान्य पर्याय आहे. कमी वजनाच्या बाळांतही बऱ्याचदा औषधावरच निभावतात. निकाल सगळ्यांतच वाईट आहे, निम्म्याहून जास्त दगावतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी फार छाती काढून बोलण्यात अर्थ नाही.

एक धोका इथे लिहून ठेवतो. धातूची झडप, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) कमी, झडपेचं पान अडकलेलं, आणि ताप. सवयीने 'स्टक व्हॉल्व्ह' म्हणून स्ट्रेप्टोकायनेज लावतात. ती गुठळी नसून संसर्गाची वाढ असेल तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा मोठा धोका. ताप असेल तर आधी कल्चर, आधी अन्ननलिकेतला इको, मग निर्णय.

औषधकट्टा
औषधांवर कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. डोस डॉक्टरांसाठी आहेत, कुणी घरी वापरू नये.

कॅन्डिडा: लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन ३ ते ५ मिग्रॅ प्रति किलो रोज, शक्य असल्यास फ्लुसायटोसिन २५ मिग्रॅ प्रति किलो दिवसातून चारदा जोडून. फ्लुसायटोसिन आपल्याकडे बाहेर सहज मिळत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकटं ॲम्फोटेरिसिन. नाहीतर इकायनोकॅन्डिन गटातलं औषध मोठ्या डोसमध्ये: कॅस्पोफंगिन १५० मिग्रॅ किंवा मायकाफंगिन १५० किंवा ॲनिड्युलाफंगिन २०० रोज. लक्षात घ्या, रक्तातल्या साध्या कॅन्डिडाला दिलं जाणारं '७० मग ५० कॅस्पोफंगिन' झडपेला पुरत नाही. फ्लुकोनॅझोलने सुरुवात नाही, ते त्या चिकट थरावर लंगडं पडतं. रक्त साफ, पेशंट स्थिर, जात संवेदनशील, मगच ४०० ते ८०० मिग्रॅवर उतरायचं. ऑपरेशननंतर किमान सहा आठवडे, गळू असेल तर जास्त.

ॲस्परजिलस: व्होरिकोनॅझोल, पहिले दोन डोस ६ मिग्रॅ प्रति किलो बारा तासांनी, मग ४. चौथ्या ते सातव्या दिवशी रक्तातली किमान पातळी, १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या आत हवी. त्याखाली काम नाही, वर गेली तर भ्रम, दृष्टीचे त्रास. गोळी जेवणाआधी किंवा नंतर एक तास. उन्हाने कातडी भाजते हे सोलापुरात वेगळं सांगायला नको, पण सांगा.

रात्रपाळी
@औषधकट्टा, मिसळण्याचं लिहा की ओ. चुका तिथेच होतात.

औषधकट्टा
लिहितो. ॲम्फोटेरिसिन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईन लागलं तर साका धरतो, म्हणून त्याच लाइनमधून आधी सलाईन गेलं असेल तर डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या. कॅस्पोफंगिनचं बरोबर उलट, ते सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोज चालत नाही. दोन्ही औषधं एकाच वॉर्डात असतात आणि रात्री तीन वाजता हेच उलटं होतं. दोन्ही ट्रेवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा.

लिपोसोमलची ५० मिग्रॅची कुपी: १२ मिली निर्जंतुक पाणी, किमान ३० सेकंद जोरात हलवा, ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून डेक्स्ट्रोजमध्ये, साधारण दोन तासांत. साधं डीऑक्सिकोलेटवालं असेल तर ०.७ ते १ मिग्रॅ प्रति किलो, ०.१ मिग्रॅ प्रति मिली इतकं पातळ, चार ते सहा तास. आता सगळ्यात महत्त्वाचं: केसपेपरवर नुसतं 'ॲम्फो ५ मिग्रॅ/किलो' लिहू नका. लिपोसोमल संपलं म्हणून कुणी त्याच आकड्याने साधं लावलं तर हृदय बंद पडतं. साध्याची कमाल मर्यादा १.५. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी जे मिळेल ते लावत होते, तेव्हा ही भीती सगळ्यांना नीट कळली.

शेंगाचटणी
मी चेष्टा करायला आलो होतो, आता वही घेऊन बसलोय.

बेडसाइड_इको
झडपेच्या पेशंटपुरतं दोन गोष्टी जोडतो, कारण इथे इतर औषधं आधीच चालू असतात.

ॲम्फोटेरिसिन पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली आणतं. आपले पेशंट फ्युरोसेमाइडवर (लघवी वाढवणारं औषध), ते आणखी खाली. वर डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध. पोटॅशियम ३ च्या खाली गेलं की डिगॉक्सिनची विषबाधा आणि ठोके बिघडणं ठरलेलं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सुरुवातीला रोज, मॅग्नेशियम एकाआड एक दिवस. डोसआधी सलाईन देऊन मूत्रपिंड वाचवतात, पण हृदय कमकुवत असेल तर ५०० मिलीही सांभाळून, फुप्फुसात पाणी होतं.

दुसरं, ॲसेनोकुमारॉल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल सुरू केलं की आयएनआर चढतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तपासा, मग स्थिर होईपर्यंत आठवड्याला दोनदा. याची दुसरी बाजू लोक विसरतात: सहा महिन्यांनी कुणी 'आता बुरशीची गोळी बंद' म्हणालं की आयएनआर धाडकन उतरतो आणि झडप अडकते. गोळी बंद करताना पुन्हा तीच तपासणी. व्होरिकोनॅझोलसोबत सिमव्हास्टॅटिन नको, आणि ॲमिओडॅरोन चालू असेल तर ईसीजीत क्यूटी हे अंतर वाढत नाही ना बघत राहा. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर व्होरिकोनॅझोलची पातळी लागतच नाही.

सुती_चादर
आयुष्यभर गोळी म्हणता, खरंच आयुष्यभर? खर्चाचं काय?

टाके_दोरा
कृत्रिम झडपेवर कॅन्डिडा झालेली असेल तर फ्लुकोनॅझोल कायम, हाच सल्ला. वर्षांनंतरही परत उलटते. ॲस्परजिलसमध्ये झडप बदलल्यावरही कायम औषधाचा विचार करावा असं आहे. फ्लुकोनॅझोल जेनेरिकमध्ये स्वस्त आहे, व्होरिकोनॅझोल नाही. झडपेच्या ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पॅकेज आहे, पण आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या लिपोसोमलचा खर्च त्यात किती बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरतीच्या दिवशीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

पेट्रीबशी
उपचार कधीपासून मोजायचे यावर भांडण होतं म्हणून: रक्ताचं कल्चर रोज किंवा दिवसाआड, निगेटिव्ह येईपर्यंत. दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्हपासून, औषधाच्या पहिल्या बाटलीपासून नाही. ऑपरेशन झालं तर ऑपरेशनपासून. आणि कॅन्डिडा असेल तर पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा बघा. तिथे गेली असेल तर इकायनोकॅन्डिन पोचत नाही, औषध बदलावं लागतं.

होटगीनाका
मूळ प्रश्नावर येतो. अन्ननलिकेतला इको आणि हृदयाची शस्त्रक्रिया जिथे होत नाही, तिथून पेशंट पुढे पाठवताना सोबत नेमकं काय द्यायचं? सध्या एक ओळीची चिठ्ठी जाते, 'ताप, झडप, पुढील उपचारासाठी'.

पेट्रीबशी
लॅबकडून: वाढलेली बुरशी स्लांटवर (तिरक्या माध्यमाच्या नळीत), तिहेरी पॅकिंगमध्ये. रिपोर्ट दिला म्हणून प्लेट फेकू नका. पुढे संवेदनशीलता पुन्हा बघावी लागते. कुठल्या जागेवरून, कोणत्या तासाला, किती मिली, हे कल्चरच्या कागदावर. काढलेली गुठळी ताजी असेल तर उरलेला तुकडाही.

बेडसाइड_इको
इकोची सीडी, फक्त रिपोर्ट नाही. मूळ ऑपरेशनचं कार्ड, कारण झडपेचा प्रकार आणि क्रमांक त्यावर असतो. मागच्या महिन्याचे आयएनआर. दिलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकची सुरू आणि बंद तारीख.

रात्रपाळी
आणि बुरशीचं औषध सुरू केलं असेल तर शेवटचा डोस किती वाजता गेला, साधं की लिपोसोमल, हे लाल पेनने. ॲम्ब्युलन्सला पुण्याला पोचायला चार-पाच तास लागतात, तिथे रात्रीची ड्युटी बदललेली असते आणि डोस एक तर दोनदा जातो, नाहीतर जातच नाही.

काचपट्टी
शस्त्रक्रिया जिथे होणार त्या टीमला आधीच फोन करून सांगा की झडप निघाल्यावर दोन डब्या हव्यात. तिथे पोचून चिठ्ठी वाचेपर्यंत झडप फॉर्मॅलिनमध्ये पडलेली असते.